हळू सोडलेली सलाईन

माझी आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. आईचा चेहरा मला आठवत नाही, आठवतो तो आक्काचाच. तिनं मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं. तिचं लग्न ढोकीला ठरलं तेव्हा बघायला आलेल्या भाऊजींना तिनं तोंडावर सांगितलं, "माझ्यासंगं माझी बहीण येणार. जमत आसंल तर पुढचं बोला." भाऊजी साखर कारखान्यात फिटर होते. कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "येऊ द्या की." एवढ्यावर ते लग्न झालं, आणि मी कळंबजवळचं आमचं गाव सोडून आक्काच्या मागं ढोकीच्या दोन खोल्यांत राहायला आले.

मॅट्रिक झाल्यावर भावकीतल्या लोकांनी माझ्यासाठी स्थळं आणली. आक्कानं सगळ्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. उस्मानाबादला नर्सिंगचा कोर्स होता, त्याचा फॉर्म तिनंच आणला. "तू सुई टोचायला शीक," ती म्हणाली. "आपला हात लागू नये म्हणून जे अंग चोरत्यात, तेच दंड उघडा करून बसतील बग तुझ्याम्होरं." आमचं घर बौद्ध. गावात अंग चोरणारे कमी नव्हते. त्या बोलण्यात तिचा राग होता, पण बोलताना ती हसत होती.

बहात्तरच्या दुष्काळात माझी पहिली नेमणूक झाली. पाझर तलावाच्या कामावर गावंच्या गावं येऊन राहिली होती आणि उन्हाळ्यात तिथं हगवण-उलटीची साथ आली. शाळेच्या दोन खोल्यांत आम्ही पेशंट निजवले. सलाईनच्या काचेच्या बाटल्या जीपमधून यायच्या, कधी यायच्याच नाहीत. एका म्हाताऱ्याला मी बाटली लावली, नळी पूर्ण उघडी सोडली आणि दुसऱ्याकडं वळले. एक संपली तशी घाईनं दुसरी अडकवली. परत आले तर त्याला धाप लागलेली, तोंडाला फेस. दिवस मावळायच्या आत तो गेला. मोठ्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, सलाईन म्हणजे पाणी न्हाय, औषध हाय. म्हाताऱ्याच्या छातीत पाणी भरलं. चूक व्हायची तर हळू सोडून हू दे, जोरात सोडून न्हाय." हे वाक्य माझ्या हातात मुरलं. पुढं कळंबच्या दवाखान्यात मी कितीतरी नव्या पोरींना तेच शिकवलं.

इकडं आक्काचंही काम सुरू झालं होतं. ढोकीजवळच्या एका गावात सहकारी दूध संस्था निघाली आणि दूध मोजून घ्यायला तिथल्या सेक्रेटरीनं आक्काला नेमलं. तो मास्तरकी सोडून आलेला माणूस होता, त्याला हिशेबाची पक्की बाई हवी होती. पहिल्याच आठवड्यात आठ-दहा घरांनी दूध घालणं बंद केलं. आमच्या घरातल्या बाईचा हात दुधाला लागतो म्हणून. आक्का रोज पहाटे पाटी पुसून, माप धुऊन बसायची. दुसरं संकलन केंद्र फार लांब होतं. पंधरा दिवसांत सगळी घरं परत आली. तेव्हाही ती कुणाला काही बोलली नाही. फक्त दुधात डिग्रीची काचेची नळी बुडवायची आणि पाणी निघालं की कॅन परत करायची. चेअरमनच्या घरचंही एकदा परत केलं. लोक तिला घाबरायला लागले आणि मग मान द्यायला लागले. तिला एक मुलगी झाली, त्यानंतर मूल राहिलं नाही. मी लग्न केलं नाही. सुट्टी मिळाली की एसटीनं ढोकीला जायचं, हेच माझं घर होतं.

ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांनी आक्काच्या पोटात दुखायला लागलं. सोलापूरला नेलं, पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन करून पित्ताशय काढलं. टाके पिकले, दीड महिना ती अंथरुणाला होती. उठली तेव्हा म्हणाली, "मरंन, पण परत पोट फाडून घेणार न्हाय."

त्यानंतर एक-दोन वर्षं बरी गेली. मग पावसानं पुन्हा दगा दिला. त्या वर्षी फाल्गुनातच विहिरी तळाला गेल्या, गावात टँकर यायला लागला. मी ढोकीला गेले तर आक्का कंगव्यानं दंड खाजवत बसली होती. दोन्ही हातांवर ओरखडे. मी तिला उजेडात नेऊन डोळे बघितले. हळदीसारखे पिवळे.

"कधीपासनं?"

"झालं की पंधरा दिस. त्यो कळंबच्या बाजारातला मानूस काविळीचं थेंब नाकात सोडतो, त्याच्याकडनं सोडून आले दोनदा."

"आक्का, तुझी बहीण नर्स हाय ना गं?"

"म्हणून तर न्हाय सांगितलं. तू लगीच सोलापूरला न्यायचीस."

सोलापूरच्या त्याच डॉक्टरांकडं मी तिला नेलं. त्यांनी सोनोग्राफी केली आणि आक्काला बाहेर बसवून मला कागदावर चित्र काढून दाखवलं. पित्ताची नळी, तिच्यात अडकलेला खडा. खालून येणारी दुसरी नळी, स्वादुपिंडाची. दोन्ही नळ्या एकाच बारीक तोंडानं आतड्यात उघडतात. "पुन्हा पोट उघडायचं तर जुने चिकटलेले भाग सोडवावे लागतील, अवघड आहे," ते म्हणाले. "मुंबईत आता तोंडातून दुर्बीण घालून खडा काढतात. चिरायचं काम नाही. मी चिठ्ठी देतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नळीच्या त्या तोंडाशी छेडछाड केल्यावर कधी कधी स्वादुपिंडाला सूज येते. बहुतेकांची दोन दिवसांत उतरते. एखाद्याची वाढते."

बाहेर येऊन मी आक्काला सगळं सांगितलं. चिरायचं नाही, टाके नाहीत, भूल पण अर्धवटच. सूज येण्याचं वाक्य तेवढं गाळलं. ती घाबरली असती आणि नाही म्हणाली असती, आणि नाही म्हणाली असती तर कावीळ तिला घेऊन गेली असती, हे मला ठाऊक होतं. तरी ते वाक्य ऐकायचा हक्क तिचा होता.

"तुला बरं वाटतंय का ते?" तिनं विचारलं.

"मला बरं वाटतंय."

"मग चल."

मुलीला शेजारी ठेवून आम्ही तिघं ढोकीहून कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीत बसलो. ती गाडी इतकी सावकाश चालायची की बाहेरची माणसं ओळखता यायची. दोन्ही बाजूंना करपलेली जमीन, एका ठिकाणी छावणीला निघालेली जनावरं. आक्का खिडकीतून बघत होती. "आपल्या सेंटरवर आता सकाळचं चार कॅन बी भरंनात," ती म्हणाली. "जनावरं छावणीत गेली की सेंटर बंद पडंल. मी नसताना बंद पडू ने म्हंजी झालं." भाऊजी म्हणाले, "तू आधी बरी हो." कुर्डुवाडीला गाडी बदलून आम्ही मुंबईला पोचलो.

मुंबईच्या त्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आम्ही पाच दिवस नंबराची वाट बघितली. वॉर्ड भरलेला, खाली जमिनीवरही पेशंट. सहाव्या दिवशी सकाळी तिला नेलं. घशात फवारा मारला, दंडात इंजेक्शन दिलं, एक्स-रेच्या टेबलावर पालथी निजवली. मला दारापर्यंत जाऊ दिलं. आत जाताना आक्कानं माझं मनगट धरलं होतं, ते एका सिस्टरनं हळूच सोडवलं.

तासाभराच्या वर गेला. मग डॉक्टर स्वतः बाहेर आले. घामाघूम झालेले, पण हसत होते. "वेळ लागला. नळीचं तोंड सापडायला त्रास झाला. पण खडा निघाला." भाऊजींनी त्यांना हात जोडले आणि भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

दुपारी एकच्या सुमारास तिला वॉर्डात आणलं. गुंगी उतरत होती. डोळे उघडून ती म्हणाली, "तोंडातून सापच घातला की गं त्यांनी." मी हसले. भाऊजी हसले. आमच्या त्या सगळ्या महिन्यातली ती एकच हसण्याची वेळ.

केसपेपरवर लिहिलं होतं, संध्याकाळपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, सलाईन एक बाटली आठ तासांत. तेव्हा तेवढंच देत. वॉर्डाच्या सिस्टरांनी बाटली लावली, मी नर्स आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "तुम्ही स्टाफच ना? मग तुमच्या पेशंटकडं तुम्हीच बघा बाई, मला चाळीस जणी आहेत." मी खुर्ची ओढून आक्काच्या उशाशी बसले.

थोड्या वेळानं तिला लघवीला लागली. उठायचं नव्हतं, भांडं द्यावं लागलं. वॉर्डात एकच पडदा होता आणि तो दुसऱ्या टोकाला अडकलेला. मी माझा पदर धरून आडोसा केला. समोरच्या कॉटवरच्या बाईचे नातेवाईक पुरुष उभे होते. आक्का लाजून अर्धी झाली. अर्ध्या तासात पुन्हा तेच.

"हे पाणी हळू सोड की," ती म्हणाली. "सारखं भांडं मागायचं म्हंजी. आन् हात बी गार पडलाय बग, पार खांद्यापतोर."

नळीवर छोटं चाक असतं, अंगठ्यानं फिरवायचं. मी ते फिरवलं. थेंब सावकाश पडायला लागले. मी मोजून बघितले, सांगितल्यापेक्षा निम्म्याहून कमी. मला त्यात काही वाटलं नाही. खडा निघाला होता, ती हसली होती, आणि हळू सोडण्यात धोका नसतो हे मी बारा-तेरा वर्षं शिकत आणि शिकवत आले होते. वर सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. आदल्या रात्रीपासूनच नव्हता. हे मला माहीत होतं आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

चारच्या सुमारास ती म्हणाली, "पोटात गच्च झालंय." मी म्हटलं, आत हवा भरतात, तिचं असेल. कुशीवर वळवलं, पाठ चोळली. पाच वाजता ती उठून बसली, गुडघे पोटाशी घेऊन पुढं वाकली. दुखणं पोटातून आरपार पाठीत निघत होतं. मग उलटी झाली, हिरवी. मी धावत जाऊन ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आणलं. तिशीचेही नसतील. त्यांनी पोटाला हात लावला तशी आक्का ओरडली. माझी आक्का, जिनं टाके पिकले तेव्हा ओठ चावून पट्टी करून घेतली होती.

डॉक्टरांनी बाटलीकडं बघितलं. "दुपारपासून एवढीच गेली?"

वरचा जेमतेम पाचवा हिस्सा संपला होता. मी म्हटलं, "हो."

त्यांनी चाक पूर्ण उघडलं आणि रक्त तपासायला पाठवलं. सकाळी रिपोर्ट आला. स्वादुपिंडाला सूज. मला ते शब्द ऐकायची गरज नव्हती. सोलापूरच्या डॉक्टरांचं चित्र आणि मी गाळलेलं वाक्य रात्रभर माझ्यासमोर होतं.

नाकातून नळी घातली. तोंडानं काहीच द्यायचं नाही असं सांगितलं, पाण्याचा घोटही नाही. आता सलाईन मात्र बाटलीमागून बाटली, दोन्ही हातांना. तिसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, उतरेल. चौथ्या दिवशी ताप आला. पोट ढोलासारखं फुगलं, श्वास वरवर चालायला लागला. लघवी थांबत आली. ज्या भांड्याची तिला लाज वाटत होती ते मी तासातासाला लावून बघायचे, आणि ते कोरडं निघायचं.

तिचं पाणी मागणं सुरू झालं ते दुसऱ्या दिवसापासून. "घोटभर दे. तोंड नुस्तं वलं कर." मी कापसाचा बोळा भिजवून तिच्या ओठांवर फिरवायचे. ती बोळा दातांत धरायची आणि चोखायची. मग मी तो ओढून घ्यायचे. ते मी कसं केलं, माझं मला कळत नाही. तिच्या जिभेला चिरा पडल्या होत्या. भाऊजी म्हणाले, "दे गं चमचाभर. चमच्यानं काय व्हतंय?" मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही बाहेर बसा." ते उठून बाहेर जाऊन बसले. त्यानंतर ते आत यायचे, तिचे पाय धरून उभे राहायचे आणि पुन्हा जायचे. पाण्याचं पुन्हा बोलले नाहीत.

सातव्या दिवशी तिची भ्रमिष्टासारखी बडबड सुरू झाली. ती दूध संस्थेत होती. "परत न्या," ती म्हणत होती. "ह्यात पाणी हाय. न्या म्हणते ना." हात हवेत उचलून ती काहीतरी बुडवून बघत होती. मी तो हात धरून खाली ठेवायचे, सुई निघू नये म्हणून.

नवव्या दिवशी दुपारी ती शुद्धीवर आली. मला ओळखलं. मुलगी कुठं आहे विचारलं, मी सांगितलं शेजारी आहे, शाळेत जाते. मग म्हणाली, "पाणी दे." मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारून येते." मला विचारायला जायचं नव्हतं. मला तिथनं उठायचं होतं. मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, खिडकीशी उभी राहिले, किती वेळ ते सांगता येत नाही. परत आले तेव्हा सिस्टर तिची नाडी बघत होत्या.

इतक्या उन्हात तिला गावी नेणं शक्य नव्हतं. चेंबूरला आमच्या गावाकडचं एक कुटुंब होतं, त्यांनी सगळं केलं. त्यांनीच भंतेंना आणलं, त्रिशरण म्हटलं. अस्थींचं मडकं फडक्यात बांधून आम्ही दोघं परत निघालो. कुर्डुवाडीहून छोट्या गाडीत बसल्यावर भाऊजी पहिल्यांदा बोलले.

"शेवटाला पाणी मागत व्हती. दिलंस का?"

"दिलं," मी म्हटलं.

"चांगलं केलंस." मग ते मडक्यावर हात ठेवून बसले.

ढोकीच्या स्टेशनावर शेजारीण मुलीला घेऊन आली होती. आठवीत होती ती. तिला तार मिळाली होती. तिनं बापाच्या हातातलं मडकं घेतलं आणि चालायला लागली. रडली नाही. घरी गेल्यावर मात्र तिला दूध संस्थेतनं आलेला निरोप सांगितला गेला, की केंद्र गेल्या सोमवारपासून बंद केलंय, सगळी जनावरं छावणीत गेली. तेव्हा ती रडली, इतकी की कुणाला आवरेना. ज्या घरांनी कधीकाळी दूध घालणं बंद केलं होतं त्यांतल्या काही बायका बसायला आल्या. दारात बसल्या, पाणी घेतलं, गेल्या. ते केंद्र पुन्हा उघडलं नाही.

मी कळंबला कामावर रुजू झाले. सलाईन लावायची, काढायची. नवीन पोरींना हळू सोडायला शिकवणं मी का थांबवलं नाही, असं कुणी विचारलं तर सांगते, मला त्यात चूक दिसलीच नव्हती. मला बोचत होतं ते गाळलेलं वाक्य आणि ते न दिलेलं पाणी. नळीचं चाक मी विसरून गेले होते. मुलगी लातूरला शिकली, तिथंच शिक्षिका झाली. भाऊजी कारखान्यातून निवृत्त झाले आणि एकटे ढोकीत राहिले. मी महिन्यातून एकदा जायचे. ते आक्काची एखादी गोष्ट सांगायचे, दरवेळी वेगळी. कारखान्याच्या एका साहेबाला तिनं कसं उभ्यानं परत पाठवलं, तुळजापूरच्या बसमध्ये कंडक्टरशी कशी भांडली. सांगताना तो कमी बोलणारा माणूस हात हलवून हलवून बोलायचा.

मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी शेजारच्या बाईला सोलापूरला न्यायची वेळ आली. तोच आजार, नळीत खडा, तोंडातून दुर्बीण. आता हे सोलापूरला होत होतं. तिच्या पोरांना सुट्टी नव्हती, म्हणून सोबत मी गेले. आत न्यायच्या आधीच तिथल्या नर्सनं आरएलची, म्हणजे क्षार घातलेल्या सलाईनची, बाटली लावली आणि चाक सताड उघडलं. बाहेर आणल्यावर दुसरी, तशीच धारेनं. मग तिसरी.

मी नर्सला म्हटलं, "एवढी जोरात? छातीत भरंल की."

ती म्हणाली, "मावशी, सरांची ऑर्डर आहे. हार्ट, किडनी बघूनच देतात."

राऊंडला डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना विचारलं. मी जुनी नर्स आहे हे कळल्यावर त्यांनी नीट समजावून सांगितलं. दुर्बिणीनंतर स्वादुपिंडाला सूज यायला लागते तेव्हा तिथला रक्तपुरवठा आधी कमी होतो. अंगात पाणी कमी असेल तर तो आणखी घटतो आणि सूज वाढत जाते. म्हणून सुरुवातीलाच, आधीपासून आणि नंतरचे सात-आठ तास, भरपूर आरएल सोडायचं. त्यामुळं सूज टळू शकते, आली तरी सौम्य राहते असं आता दिसतंय. मागाहून कितीही ओतलं तरी तेवढा उपयोग होत नाही.

"पहिले काही तास," मी म्हटलं.

"हो. तेच महत्त्वाचे."

"आणि त्याच वेळी कुणी हळू केली असली तर?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुणाविषयी विचारताय?"

मी सांगितलं. ते कॉटच्या कडेवर टेकले. "मावशी, तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. जोरात देऊनही काहींना होतंच. एका पेशंटविषयी मागं जाऊन काही सांगता येत नाही. कदाचित काही फरक पडला नसता."

"कदाचित पडला असता."

ते खोटं बोलले नाहीत. "कदाचित," म्हणाले.

शेजारीण दुसऱ्या दिवशी चहा-बिस्किट खाऊन उठली. मी तिला एसटीनं घरी आणलं. तिच्या पोरांनी मला साडी दिली. मी ती घेतली.

पुढं चार महिने मी ढोकीला गेले नाही. गेले त्या दिवशी ठरवून गेले. आता एवढं तरी खरं बोलावं, असं मला वाटत होतं. कुणापाशी तरी बोलल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता, हे त्याहून खरं. भाऊजी ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या पुढं गेले होते, पण कान शाबूत. मी सगळं सांगितलं. भांडं, पडदा, गार पडलेला हात, चाक, आणि सोलापूरचे डॉक्टर काय म्हणाले तेही. डॉक्टरांचं "कदाचित" दोन्ही बाजूंनी सांगितलं.

ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "हे मला कशाला सांगितलंस?"

मी ओट्यावरून घसरलेली त्यांची काठी उचलून भिंतीला टेकवली.

"आपल्या धम्मात नशीब म्हणायचं न्हाय म्हणत्यात," ते म्हणाले. "तरी म्या इतकी वर्सं नशीबच म्हणत आलो. तिला घिऊन गेलो, डॉक्टर चांगला भेटला, खडा निघाला, तरी गेली. नशीब. ते म्हणून झोप लागायची. आता काय म्हणू?"

"भाऊजी, तुम्ही मला बोला काहीबी. शिव्या द्या."

"तुला कशाला शिव्या दिऊ? तिनं सांगितलं म्हणून तू हळू केलीस. तिला शिव्या दिऊ का?"

ते काठीला धरून उठले आणि आत गेले. आतून कडी लावल्याचा आवाज आला नाही, दार नुसतं लोटलेलं होतं. पण मला ते ढकलता आलं नाही. ऊन उतरेपर्यंत मी ओट्यावर बसले आणि शेवटची बस धरली.

त्यानंतरही मी जात राहिले. भाऊजी बोलायचे. पाण्याचं, बंद पडलेल्या कारखान्याचं, गुडघ्याचं. चहा करायला सांगायचे. आक्काची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा एकही सांगितली नाही. मी एकदा मुद्दाम तुळजापूरच्या कंडक्टरचं काढलं, तर म्हणाले, "आसंल. ध्यानात न्हाय." दोन वर्षांनी ते गेले.

भाऊजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं उरकल्यावर मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. तिचेही केस आता पांढरे झालेत. म्हणाली, "मावशी, बाबा शेवटी-शेवटी आईविषयी बोलायचेच नाहीत. आधी किती बोलायचे. मी विचारलं तर विषय बदलायचे. काय झालं होतं गं त्यांना?"

"वय झालं होतं," मी म्हटलं.

तिनं माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट आणलं. मी ते घेतलं आणि जेवायला बसले.